मधुमेहाची कॅरीबॅग

मा. कुलगुरू, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक यांस खुले पत्र

मधुमेहाच्या उपचाराचा फार थोडा भाग दवाखान्यात होतो. रुग्ण महिन्यातून एकदा डॉक्टरांसमोर पाच-दहा मिनिटे बसतो. बाकीचे दिवस हा आजार घरात, शेतात, लग्नाच्या पंगतीत आणि एसटीच्या थांब्यावर सांभाळला जातो. म्हणून त्याची खरी नोंदही दवाखान्याच्या कपाटात सापडत नाही, ती रुग्णाच्या हातातल्या कॅरीबॅगेत असते. पाचोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी ही पिशवी उघडून पाहण्यासारखी असते. कापड दुकानाचे नाव छापलेल्या त्या पिशवीत ग्रामीण रुग्णालयाचा चार घड्या पडलेला केसपेपर असतो, खाजगी लॅबचे दोन-तीन रिपोर्ट असतात, जळगावला भरती असतानाचे डिस्चार्ज कार्ड असते. गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाचा कापून ठेवलेला तुकडा असतो, मेडिकलवाल्याला 'हीच द्या' म्हणून दाखवायला. शिवाय कुठल्याशा मोफत शिबिरातली चिठ्ठी, तिच्यावर नुसता आकडा, २३८. तारीख नाही, आणि साखर उपाशीपोटीची की जेवणानंतरची तेही नाही. रुग्ण 'माले शुगर शे' म्हणतो आणि पिशवी पुढे करतो.

या पिशवीतल्या कागदांची नीट जुळणी झाली तर रुग्णाचा उपचार सुधारतो आणि त्याच जुळणीतून संशोधनही उभे राहते. विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राकडून अपेक्षित असलेली ही दोन कामे वेगवेगळी समजली जातात, ही मूळ अडचण आहे.

आजाराच्या व्याप्तीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' पाहणीच्या पहिल्या टप्प्याचे आकडे २०११ मध्ये आले. तेव्हा महाराष्ट्रात प्रौढांमधील मधुमेहाचे प्रमाण ८.४ टक्के निघाले. शहरी भागात १०.९ आणि ग्रामीण भागात ६.५. पुढे सगळी राज्ये धुंडाळून २०२३ मध्ये जो निकाल प्रसिद्ध झाला त्यात देशाचे प्रमाण ११.४ टक्के, म्हणजे सुमारे १०.१ कोटी माणसे, आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर आणखी १३.६ कोटी. पाचोरा या हिशेबात शहरातही नीट बसत नाही आणि खेड्यातही. बाजार समिती, जिनिंग, कॉलेज आणि मोटारसायकल आलेल्या गावात अंगमेहनत घटते, पण जेवणाचे ताट शेतकऱ्याचेच राहते. वरण-बट्टी आणि शेवभाजी तशीच असते, नांगर मात्र ट्रॅक्टर ओढतो.

सरकारी यंत्रणेचा जिना कागदावर पुरेसा उंच आहे. तळाशी आशाताई. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा एक तपासणी फॉर्म तिने भरायचा असतो. त्यात वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम आणि घरात कोणाला हा आजार आहे का, यांना गुण असतात. बेरीज चारच्या वर गेली की माणूस तपासणीला आधी पाठवायचा. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या आणि पुरुषाची ९० च्या वर गेली की धोका वाढतो. आशाताईच्या पिशवीतली ती टेप हे या सगळ्या यंत्रणेतले सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत उपयोगी साधन असावे. आशाताईच्या वर आयुष्मान आरोग्य मंदिर (पूर्वीची आरोग्यवर्धिनी), प्राथमिक आरोग्य केंद्र, मग पाचोऱ्याचे ग्रामीण रुग्णालय, आणि वर जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. जळगावचे हे महाविद्यालय २०१८ मध्ये जिल्हा रुग्णालयाला जोडून सुरू झाले. धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय त्याहून बरेच जुने, नंदुरबारचे नंतरचे. १९९८ मध्ये स्थापन झालेले आरोग्य विज्ञान विद्यापीठ या तिन्हींचे. म्हणजे खानदेशाच्या तिन्ही जिल्ह्यांत आज विद्यापीठाशी संलग्न सरकारी वैद्यकीय केंद्र आहे. एका पिढीपूर्वी असे म्हणता आले नसते.

जिन्याच्या पायऱ्यांमधले अंतर मात्र किलोमीटरमध्ये मोजावे लागते. पाचोरा ते जळगाव सुमारे ५० किलोमीटर. उपाशीपोटीची साखर द्यायची असेल तर माणूस पहाटेच्या गाडीने निघतो, नंबर लागेपर्यंत दहा-अकरा वाजतात, मग खाऊन दोन तास थांबून दुसरे रक्त द्यायचे. त्यात सवयीने सकाळची गोळी घेऊन निघालेल्याची साखर परधाडे, माहेजी मागे पडेपर्यंत खाली उतरू शकते. घाम फुटतो, हात थरथरतात, आणि डब्यातले लोक त्याला भोवळ समजून पाणी देतात. गरज साखरेची असते. उपाशी राहायचे असेल त्या सकाळी मधुमेहाची गोळी घ्यायची नाही, आणि इन्सुलिन असेल तर काय करायचे ते आधी विचारून ठेवायचे, हे एक वाक्य कोणीतरी सांगायला हवे असते. मधुमेहाच्या दवाखान्यात डॉक्टरच्या बरोबरीने शिक्षक लागतो तो यासाठी. चांगल्या केंद्रांत समजावून सांगणारी परिचारिका, आहार सांगणारी व्यक्ती, पाय पाहणारा माणूस आणि डोळ्यांचा कॅमेरा हे सगळे एकाच बोळात असते, आणि रुग्णाला एका दिवसात तिथून मोकळे होता येते. खाटा किती, हा मधुमेहापुरता दुय्यम प्रश्न आहे.

विद्यापीठे आणि हा आजार यांचे नाते जुने आहे. इन्सुलिन सापडले तेच टोरांटो विद्यापीठात. १९२१ च्या उन्हाळ्यात फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी तिथले प्राध्यापक मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांवर प्रयोग केले. ११ जानेवारी १९२२ रोजी १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला पहिले इंजेक्शन दिले, ते फसले. अर्क पुरेसा शुद्ध नव्हता आणि टोचल्या जागी गळू झाले. जेम्स कॉलिप या रसायनशास्त्रज्ञाने अर्क शुद्ध केला आणि २३ जानेवारीला पुन्हा सुरुवात झाली तेव्हा मुलाची साखर उतरली. पेटंटचे हक्क विद्यापीठाला नाममात्र एकेका डॉलरला देण्यात आले. या गोष्टीत सहसा बँटिंगचेच नाव पुढे येते, पण तिचे मर्म कॉलिपच्या बारा दिवसांत आहे. वॉर्ड आणि प्रयोगशाळा एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर होती म्हणून ते दिवस बाराच राहिले.

दुसरे उदाहरण ऑक्सफर्डचे. १९७७ मध्ये तिथून सुरू झालेल्या अभ्यासात ब्रिटनमधल्या २३ केंद्रांतले ५,१०२ नवे रुग्ण घेतले गेले आणि निकाल १९९८ मध्ये आला. साखर काटेकोर ठेवली तर डोळे, मूत्रपिंड अशा बारीक रक्तवाहिन्यांच्या ठिकाणची हानी सुमारे एक चतुर्थांशाने कमी होते, असे त्यातून दिसले. अभ्यास संपल्यावर दोन्ही गटांची साखर वर्षभरातच सारखी झाली, तरी सुरुवातीला जपलेल्या गटाचा फायदा पुढची दहा वर्षे टिकला, हे २००८ मध्ये कळले. आज कोणताही डॉक्टर 'पहिल्या काही वर्षांतच साखर नीट ठेवा' म्हणतो त्यामागे हे काम आहे. त्याचा कच्चा माल काय होता? वर्षानुवर्षे न चुकता लिहिलेली रुग्णांची वही.

अशा वहीसाठी फार लांब जाण्याचीही गरज नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या मधुमेह विभागात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांची गरोदरपणाच्या आधीपासून नोंद ठेवायला सुरुवात केली. ब्रिटनमधील साउदॅम्प्टनच्या संशोधकांची साथ होती. या गावांत जन्मलेली मुले सरासरी २.७ किलोची, साउदॅम्प्टनची ३.५ किलोच्या आसपास. इतके तर कोणालाही अपेक्षित होते. अनपेक्षित हे निघाले की ही हडकुळी बाळे स्नायूंनी आणि पोटातल्या अवयवांनी लहान होती, पण त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. 'बारीक पण चरबीदार' अशा या बाळाची कल्पना पुण्याच्या खेड्यांतून जगाच्या पाठ्यपुस्तकांत गेली. २००४ मध्ये याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघांनी स्वतःचेच फोटो 'लॅन्सेट'मध्ये छापले: दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३, शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. सडपातळ माणसाला मधुमेह कसा, या घरोघर विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचे इतके नेटके उत्तर क्वचितच दिले गेले असेल.

त्याच गावांत पुढे आढळले की दोन-तृतीयांश गरोदर बायकांना जीवनसत्त्व ब-१२ कमी पडत होते. ज्यांचे ब-१२ कमी आणि फॉलिक आम्ल जास्त, त्यांच्या मुलांमध्ये वयाच्या सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त दिसली. ती मुले मोठी होईपर्यंत अभ्यास चालू राहिला. एखादे दिमाखदार यंत्र आणून हे झालेले नाही. गावांत राहणारे कार्यकर्ते, वजनकाटा, टेप, रक्ताचे जपून ठेवलेले नमुने आणि त्याच माणसांकडे पुन्हा पुन्हा जाण्याची चिकाटी, एवढ्यावर ते उभे आहे. खाजगी विश्वस्त रुग्णालयाला जे जमले त्यासाठी विद्यापीठाला हातपाय कमी नाहीत.

खानदेशाने पुण्याची नक्कल करण्याचे मात्र कारण नाही. इथले प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांपैकी काही दुसरीकडे सुटणारच नाहीत.

पहिला प्रश्न तपासणीचाच. गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी ही तपासणी आता सर्वत्र झाली आहे, ६.५ किंवा त्याहून जास्त म्हणजे मधुमेह. ती हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजते, म्हणून हिमोग्लोबिनच निराळे असेल तर आकडा फसवतो. चोपडा, यावल, रावेरच्या सातपुड्यात, तसेच धुळे-नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आढळतो. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांवरील २०१७ च्या एका अभ्यासात सिकलसेलच्या वाहकांचा हा आकडा, साखर सारखी असूनही, सुमारे ०.३ ने कमी दिसला. याउलट लोहाच्या कमतरतेमुळे आलेल्या रक्तक्षयात तो वाढलेला दिसू शकतो. एकाच तालुक्यात एक बाई रक्तक्षयाची आणि शेजारची सिकलसेलची वाहक, दोघींचा रिपोर्ट ६.४. यातली मधुमेही कोण? पावरा, भिल्ल, तडवी वस्त्यांमध्ये एचबीएवनसीच्या जोडीला ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर मोजली आणि दोन्ही आकडे शेजारी मांडले, तर कोणती तपासणी कुठे वापरावी हे ठरवता येईल. सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेत (२०२३) या वस्त्यांत रक्त तपासले जातेच. त्याच फेरीत हे बसते.

दुसरा प्रश्न पायाच्या मुंग्यांचा. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची पहिली गोळी वर्षानुवर्षे घेतली की ब-१२ उतरू शकते. शाकाहारी घरात ते आधीच कमी. ब-१२ च्या कमतरतेनेही तळपाय बधिर होतात आणि मधुमेहानेही. पाचोऱ्याच्या दवाखान्यात दोन्हींनाही एकच नाव मिळण्याची शक्यता मोठी, आणि ब-१२ च्या कमतरतेचा इलाज तर काही रुपयांच्या इंजेक्शनात आहे. बधिर पायाची पारख करायला १० ग्रॅमचा नायलॉनचा धागा आणि १२८ हर्ट्झचा नादकाटा पुरतो. कापूस वेचणीच्या दिवसांत अनवाणी रानात फिरणाऱ्या पायांवर हा धागा टेकवून पाहणे हे विद्यार्थ्याला एका दुपारी शिकता येते. पराटीचा खुंट पायात रुतला तरी न कळलेला माणूस त्याला तिथेच भेटेल.

तिसरा प्रश्न अशक्त तरुणांचा. लहानपणापासून पोट भरलेले नाही, वजन चाळीस किलो, आणि साखर तीनशे. अशा रुग्णाला पहिल्या किंवा दुसऱ्या प्रकारात कोंबले जाते. आंतरराष्ट्रीय मधुमेह संघटनेने २०२५ मध्ये कुपोषणाशी निगडित मधुमेहाला पाचवा प्रकार म्हणून मान्यता दिली, त्यात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या कामाचा मोठा वाटा होता. असे रुग्ण ऊसतोडीला जाणाऱ्या आणि सातपुड्यातून मजुरीला उतरणाऱ्या कुटुंबांत शोधले पाहिजेत.

आणि ऊन. जळगावचा पारा मे महिन्यात ४५ अंशांकडे जातो. वापरात असलेली इन्सुलिनची बाटली साधारण चार आठवडे, तीही २५ ते ३० अंशांच्या आत, टिकते असे धरतात. ज्या घरात फ्रीज नाही, किंवा फ्रीज आहे पण वीज नाही, तिथे ओल्या वाळूत बसवलेले मडके बरेच काम करते. अशा मडक्यांतले तापमान मोजून पाहिलेले अभ्यासही आहेत. पण पाचोऱ्याच्या पत्र्याच्या घरात, मेच्या दुपारी दोन वाजता, त्या मडक्यात काटा कुठे उभा राहतो हे मोजण्यासाठी एक तापमापक आणि एक उन्हाळा लागतो. याच्याच जोडीला सिरिंजचा घोळ. आपल्याकडची नेहमीची बाटली ४० युनिटची आणि तिची सिरिंज लाल टोपीची. १०० युनिटची सिरिंज नारिंगी टोपीची. चुकून नारिंगी सिरिंजमध्ये ४० च्या बाटलीतले इन्सुलिन भरले की डोस निम्म्याहून कमी जातो, आणि उलट झाले तर अडीचपट. मेडिकलवाल्यांची एक बैठक घेऊन हा घोळ बराच आवरता येईल.

काही गोष्टी नव्याने ठरवाव्याही लागत नाहीत. क्षयरुग्णांची साखर आणि मधुमेहींचा खोकला तपासायचा, हे राष्ट्रीय धोरणातच आहे. गरोदर बाईला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर पाहायची आणि १४० किंवा अधिक निघाली तर गरोदरपणातला मधुमेह धरायचा, हेही आहे. त्यासाठी तिला उपाशी यावे लागत नाही, हा या पद्धतीचा खेड्यापुरता मोठाच गुण. बाळंतपणानंतर मात्र ती माहेरी जाते, मग सासरी, आणि पुढे तिची साखर कोणी पाहत नाही. वास्तविक पुढच्या काही वर्षांत मधुमेह होण्याची शक्यता कोणाला, याची इतकी अचूक यादी दुसरी नसेल.

हे सारे करायला माणसे कुठून आणायची? विद्यापीठाकडे ती आहेत, फक्त विखुरलेली. २०२२ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात कुटुंब दत्तक योजना आली. प्रत्येक विद्यार्थ्याने खेड्यातली काही कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्या आरोग्याकडे शिक्षण चालू असेपर्यंत लक्ष द्यायचे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा आरोग्य यंत्रणेत काम करावे लागते. प्रत्येक एमडीला प्रबंध लिहावा लागतो. संशोधन परिषदेची पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीची दोन महिन्यांची शिष्यवृत्ती १९७९ पासून चालू आहे. ही चारही कामे आज आपापल्या वाटेने जातात. दत्तक कुटुंबांची माहिती जर्नलमध्ये भरून सही घेतली की संपते. प्रबंध शंभर रुग्णांवर दीड वर्षात लिहिला जातो, सोनेरी अक्षरांची कापडी बांधणी होते, आणि पुढचा विद्यार्थी नव्या शंभर रुग्णांपासून सुरुवात करतो. मधुमेह वीस वर्षे चालणारा आजार. त्याला दीड वर्षाच्या तुकड्यांत कापल्यावर त्यातले काही कळणार कसे?

यावर उपाय असा की विद्यापीठाने खानदेशात एक तालुका नेमावा आणि त्याची मधुमेहाची एकच नोंदवही ठेवावी. पाचोरा त्याला योग्य आहे, कारण गाव रेल्वेवर आहे, भडगाव आणि जामनेरकडचे लोक इथे येतात, आणि तालुक्यात बागायती गावे, कोरडवाहू गावे आणि निमशहर असे तिन्ही आहे. दत्तक कुटुंबांतले नवे रुग्ण या वहीत यावेत, प्रबंधांचे विषय तिच्यातून निघावेत, आणि प्रत्येक विद्यार्थ्याने आधीच्याच रुग्णांची पुढची वर्षे लिहावीत. महिन्यातून एक दिवस, आठवडे बाजार धरून, ग्रामीण रुग्णालयात मधुमेहाची बाह्यरुग्ण सेवा चालावी. तिथे रक्तदाब, वजन, पाय आणि डोळ्यांचा फोटो एका फेरीत व्हावा. फोटो जळगावला किंवा धुळ्याला पाहिला जाऊ शकतो, त्यासाठी माणसाने जाण्याची गरज नाही. त्या दिवशी टेबलावर बसलेल्या विद्यार्थ्याचे पहिले काम कॅरीबॅगेतले कागद तारखेनुसार लावणे, ते वहीत उतरवणे आणि पिशवी जशीच्या तशी परत देणे.

संमतीचा कागद इथे नुसत्या अंगठ्यापुरता राहता कामा नये. माहिती कशासाठी घेतली, नाव कोणाला दिसेल, नको वाटले तर नाव कसे काढायचे आणि नाव काढल्याने औषध बंद होणार नाही, एवढे चार मुद्दे अहिराणीत आणि पावरीत बोलून सांगावे लागतील. छापील प्रमाण मराठीत लिहिलेले बऱ्याच जणांपर्यंत पोहोचत नाही. रक्ताचे नमुने जपायचे असतील तर नीतिमत्ता समितीची मंजुरी आणि मायनस ८० अंशांचा फ्रीजर लागेल, तो जळगावातच असावा. पाचोऱ्याच्या विजेवर तो टाकू नये.

वर्षाच्या शेवटी वहीतून काय निघाले, हे विद्यापीठाच्या नियतकालिकाच्या आधी तालुक्यात सांगितले जावे. कोणत्या गावातले किती लोक तपासणीला आले, किती जणांची साखर आटोक्यात आहे, किती पायांना जखमा आढळल्या आणि कोणत्या महिन्यात गोळ्या संपल्या होत्या, इतकी माहिती ग्रामसभेत वाचायला दहा मिनिटे पुरतात. शेवटचा आकडा जिल्ह्याच्या औषध भांडारालाही पाठवावा लागेल.

पाचोरा, जि. जळगाव